ऑनलाइन अभ्यासक्रमालाही तासिका हवी

आयआयटींच्या एनपीटेल या उपक्रमाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत आठवड्याची असाइनमेंट जमा करण्याची मुदत बहुधा बुधवारी रात्री ११.५९ ला संपते. त्या संध्याकाळी टेलिग्रामवर आणि यूट्यूबवर काय चाललेले असते, हे अभियांत्रिकी किंवा विज्ञान शाखेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारून पाहावे. ‘वीक फोर आन्सर्स’ अशा नावाने सगळ्या प्रश्नांची उत्तरे आधीच फिरत असतात. ती वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात, विद्यार्थी एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर पर्याय निवडतो, सबमिट करतो आणि झोपतो. सगळे काम पाच मिनिटांचे. त्या आठवड्याचे व्हिडिओ त्याने उघडलेलेही नसतात. कागदोपत्री तो अभ्यासक्रमात आहे, असाइनमेंटचे गुणही त्याच्या खात्यावर जमा होत आहेत. अशा विद्यार्थ्याला आळशी, कामचुकार म्हणून मोकळे होता येते आणि स्टाफरूममध्ये बहुतेकदा तसेच होते. मला मात्र वाटते की दोष त्याच्या स्वभावापेक्षा मांडणीत जास्त आहे. ज्या अभ्यासक्रमाला वेळापत्रकात जागा नाही, ज्याच्याबद्दल आठवड्यातून एकदाही समोरासमोर कोणी विचारत नाही, त्यात वीस वर्षांच्या मुलाने बारा आठवडे एकट्याने टिकून राहावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमाला प्रत्येक महाविद्यालयाने आठवड्याची एक तासिका आणि एक शिक्षक द्यायला हवा, आणि ती तासिका त्या शिक्षकाच्या कार्यभारात धरायला हवी.

हा विषय आता हौसेचा राहिलेला नाही. एनपीटेलचे अभ्यासक्रम ज्यावर चालतात ते केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. त्यावरच्या अभ्यासक्रमांचे श्रेयांक पदवीसाठी धरण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये २० टक्क्यांपर्यंत दिली होती, २०२१ च्या नियमावलीने ती ४० टक्क्यांपर्यंत नेली. म्हणजे एका सत्रातल्या पाच विषयांपैकी दोन विषय विद्यार्थी पडद्यावर शिकू शकतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर ही वाट आणखी रुळत चालली आहे. ज्या गावातल्या महाविद्यालयाला संख्याशास्त्राचा किंवा डेटा सायन्सचा प्राध्यापक मिळत नाही, तिथल्या मुलीला आयआयटीतल्या प्राध्यापकाची व्याख्याने फुकट ऐकता येतात, ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचे मोल मला जराही कमी करायचे नाही. नोंदणी विनामूल्य, परीक्षेला बसायचे तर एका अभ्यासक्रमाला हजार रुपये. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठ असाइनमेंटचे मिळून २५ गुण, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. प्रमाणपत्रासाठी पहिल्यात किमान १० आणि दुसऱ्यात किमान ३० लागतात. या हिशेबातली मेख लक्षात घ्यायला हवी. असाइनमेंटचे दहा गुण बुधवारच्या रात्री मिळून जातात. त्यामुळे विद्यार्थी अभ्यासक्रमातून केव्हाच बाहेर पडला आहे, हे परीक्षेचा दिवस उजाडेपर्यंत कोणाच्याच ध्यानात येत नाही, पुष्कळदा त्याच्या स्वतःच्याही नाही.

जगभरचा अनुभव काय सांगतो? एमआयटी आणि हार्वर्ड यांनी एडएक्स या ऑनलाइन व्यासपीठावर चालवलेल्या अभ्यासक्रमांची सहा वर्षांची आकडेवारी जस्टिन राइक आणि होसे रुइपेरेस-व्हॅलिएन्ते यांनी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी अभ्यासक्रमाचे पान एकदाही उघडले नव्हते. २०१७-१८ मध्ये नोंदणी केलेल्यांपैकी जेमतेम ३.१३ टक्क्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता, आणि आधीच्या वर्षांपेक्षा हे प्रमाण सुधारण्याऐवजी घसरलेच होते. यावर एक उत्तर ठरलेले असते: फुकटात नाव नोंदवणाऱ्यांचे काय धरून बसता, ज्यांना खरोखर शिकायचे असते ते पैसे भरतात आणि पूर्णही करतात. त्यात तथ्य आहे. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये पूर्ण करणारे ४६ टक्के होते, म्हणजे इच्छेचा आणि गुंतवणुकीचा फरक पडतो. पण याच आकड्याची दुसरी बाजू अशी की, खिशातले पैसे घालून बसलेल्यांतलेही निम्म्याहून जास्त शेवटपर्यंत पोहोचले नाहीत. त्यांतले बरेच जण आधीच पदवीधर, नोकरी करणारे, शिकण्याची सवय असलेले. आपला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी यांपैकी कोणत्याच गटात बसत नाही. तो हौशी नाही, त्याला श्रेयांक हवे आहेत. आणि विषय त्याने निवडलेला असतोच असेही नाही, अनेकदा विभागाने काढलेल्या यादीतून तो त्याच्या वाट्याला आलेला असतो.

मग त्याला टिकवायचे कसे? सोपा उपाय म्हणजे आठवण करून देणे. मेसेज, ईमेल, ‘तुमची असाइनमेंट बाकी आहे’ अशा सूचना, सुरुवातीला ‘मी कधी, कुठे बसून अभ्यास करीन’ असा आराखडा लिहून घेणे. हे उपाय स्वस्त असतात आणि लाखो जणांना एकदम लावता येतात. अशाच उपायांची एक मोठी तपासणी रेने किझिलचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केली. हार्वर्ड, एमआयटी आणि स्टॅनफर्डचे सुमारे अडीचशे अभ्यासक्रम, अडीच लाख विद्यार्थी, अडीच वर्षांचा काळ. आराखडा लिहून घेतल्याचा परिणाम पहिल्या काही आठवड्यांत दिसला, नंतर विरून गेला. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांच्या संख्येत सांगण्यासारखी वाढ झाली नाही. आधीच्या छोट्या प्रयोगांनी ज्या आशा जागवल्या होत्या, त्या मोठ्या प्रमाणावर टिकल्या नाहीत. याच्या शेजारी एरिक बेटिंजर आणि रेचल बेकर यांचा २०१४ चा अभ्यास ठेवून पाहावा. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांतले विद्यार्थी, त्यांत वयाने मोठे, नोकरी सांभाळून शिकणारे पुष्कळ. चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखे त्यांतले काही जण एका मार्गदर्शकाशी जोडून दिले गेले. हा मार्गदर्शक नियमित फोन करायचा. विषय शिकवायचा नाही. अभ्यासाला वेळ कुठून काढतोस, काय अडते आहे, पुढच्या आठवड्यात काय करणार, एवढेच बोलायचा. सहा महिन्यांनी या गटातले विद्यार्थी इतरांपेक्षा शंभरामागे सुमारे पाचने जास्त टिकले होते, आणि फोन बंद झाल्यानंतर वर्षभरानेही फरक पुसला गेला नव्हता. मेसेज आणि फोन यांत असा काय फरक आहे? मेसेजला उत्तर द्यावे लागत नाही. माणसाला द्यावे लागते. पुढच्या आठवड्यात कोणीतरी नाव घेऊन विचारणार आहे, एवढ्याने अभ्यासाला बसणे घडते. आपल्या महाविद्यालयांकडे असा माणूस आधीपासूनच आहे, पगारावर आहे, त्याच इमारतीत आहे. त्याला हे काम अधिकृतपणे दिलेले नाही, एवढेच.

दुसरा मुद्दा शिकण्याच्या पद्धतीचा, आणि माझ्या मते तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. आपण ऑनलाइन अभ्यासक्रम म्हणतो तेव्हा मनात व्हिडिओ असतो. ‘स्वयम्’ची मूळ रचना मात्र चार भागांची आहे: व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वतःला तपासण्याच्या चाचण्या आणि चर्चेची जागा. प्रत्यक्षात पहिला भाग सगळे व्यापून बसतो आणि उरलेले तीन जेवढ्यास तेवढे उरकले जातात. आखाड्याच्या कडेला बसून कितीही कुस्त्या पाहिल्या म्हणून कोणी पैलवान होत नाही, हे आपल्याला ठाऊक असते, पण व्याख्यानाच्या बाबतीत आपण ते सोयीने विसरतो. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या केनेथ केडिंगर यांनी २०१५ मध्ये मानसशास्त्राच्या एका खुल्या अभ्यासक्रमाची नोंद तपासली तेव्हा असे दिसले की, व्हिडिओ जास्त पाहणे किंवा पाने जास्त वाचणे यांच्या तुलनेत सराव जास्त करण्याचा शिकण्याशी असलेला संबंध सहापटींहून मोठा होता. एडएक्सच्या नोंदींवरून फिलिप ग्वो यांनी त्याआधीच दाखवून दिले होते की, व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणारे साधारणपणे सहा मिनिटांपलीकडे टिकत नाहीत. आपल्याकडच्या अनेक व्याख्यानांची लांबी त्याच्या चार-पाच पट असते. व्याख्यानाचे तुकडे करून मध्ये मध्ये छोट्या चाचण्या ठेवल्या तर मन भरकटण्याचे प्रमाण साधारण निम्म्यावर येते, असेही हार्वर्डमधल्या एका प्रयोगात आढळले आहे.

एक लहानसे उदाहरण घेऊ. पायथन शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात ‘रेंज’मध्ये १ आणि १० असे आकडे दिले की मोजणी ९ वरच थांबते, १० येतच नाही. प्राध्यापक हे स्पष्ट सांगतात. दीडपट वेगाने ऐकणारा विद्यार्थीही ते ऐकतो, मान डोलावतो आणि पुढे जातो. आता त्याच्यापुढे कोरा कागद ठेवून १ ते १० पर्यंतच्या संख्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहायला सांगावे. उत्तर ४५ येते. ५५ यायला हवे होते, दहा कुठे गेले? हा प्रश्न स्वतःला पडला, त्याचा माग काढताना दहा मिनिटे डोके खाजवले, शेजारच्याशी वाद घातला, की मग ती गोष्ट जन्मभर विसरली जात नाही. व्हिडिओत हे सांगून झालेले होते, असाइनमेंटमध्ये ते विचारूनही झाले होते, पण बुधवारी रात्री आयते आलेल्या उत्तराने ती दहा मिनिटे त्याच्याकडून हिरावून घेतली. मी ज्या तासिकेबद्दल बोलतो आहे ती या दहा मिनिटांसाठी हवी आहे.

आपल्याला यासाठी नवे काही शोधून काढायचे नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले आणि राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले, तेव्हा ना इंटरनेट होते ना मोबाइल. शिकायचे पुस्तकातून, घरी, एकट्याने. तरीही त्या रचनेत गावोगावची अभ्यासकेंद्रे होती, तिथे समंत्रक होते, संपर्कसत्रे होती. टपालाने आलेले पुस्तक घरात पडून राहते, त्यासाठी कोणीतरी भेटणारे लागते, हे दूरशिक्षण उभे करणाऱ्यांनी पहिल्यापासून ओळखले होते. १९६९ मध्ये सनद मिळालेल्या ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीनेही विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटाला एक ट्यूटर देण्याची रीत पाडली. ऑनलाइन अभ्यासक्रम आले तेव्हा मात्र व्हिडिओ इतका जिवंत वाटला की समंत्रक अनावश्यक ठरला. यात आपण मागे गेलो. अभ्यासकेंद्रांचे काम सगळीकडे आदर्श चालले असे मी म्हणणार नाही, पण तिथे येऊन बसणाऱ्या गृहिणीला आणि कारखान्यात पाळी करणाऱ्या तरुणाला आपल्यासारखे आणखी कोणी आहे, एवढा तरी दिलासा होता.

ही तासिका कशी असावी, याबद्दल थोडे नेमके बोलायला हवे, कारण ती व्याख्यानाची पुनरावृत्ती झाली तर सगळे मुसळ केरात. शिक्षकाने व्हिडिओतले परत शिकवू नये. त्या आठवड्याच्या असाइनमेंटमधले बहुतेकांचे चुकलेले किंवा बहुतेकांना न कळलेले दोन प्रश्न घ्यावेत, मुलांना जोडीजोडीने बसवावे, उत्तर का चूक आहे ते त्यांच्याकडून काढून घ्यावे. प्रोग्रॅमिंग असेल तर संगणक प्रयोगशाळेत, अर्थशास्त्र असेल तर फळ्यावर. आणि बोलणे मराठीतून होऊ द्यावे. या अभ्यासक्रमांची भाषा बहुतांशी इंग्रजी आहे. एनपीटेलने मराठीसह अनेक भारतीय भाषांत भाषांतरे आणली आहेत हे स्वागतार्हच, पण परभणीच्या किंवा सावंतवाडीच्या विद्यार्थ्याची अडचण नुसत्या शब्दांची नसते. आपली शंका इंग्रजीत, देशभरच्या हजारो अनोळखी लोकांसमोर, चर्चेच्या पानावर लिहायची म्हटली की त्याची बोटे थबकतात. तीच शंका वर्गात, मराठीत, मित्राच्या शेजारी बसून तो सहज विचारतो. एनपीटेलच्या स्थानिक केंद्रांत मार्गदर्शक म्हणून नोंद झालेल्या प्राध्यापकाला आपल्या विद्यार्थ्यांची प्रगती पाहण्याची सोय आहे. तिचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत करावा. निम्मे लोक जर दारातूनच परत फिरत असतील, तर सहाव्या आठवड्यातल्या ताकिदीला काही अर्थ नाही. पहिली असाइनमेंट ज्याने दिली नाही त्याला दुसऱ्याच दिवशी कॉरिडॉरमध्ये गाठून ‘काय रे, लॉगिन होत नाहीये का?’ एवढे विचारावे. उत्तर पुष्कळदा खरोखरच तितके साधे निघते: पासवर्ड गेलेला, डेटा संपलेला, नोंदणी वेगळ्याच ईमेलवरून झालेली.

याला पहिला आक्षेप येईल तो वयाचा. विद्यापीठातला विद्यार्थी सज्ञान आहे, मतदान करतो, त्याला बोटाला धरून किती दिवस चालवायचे? स्वयंशिस्त हीच तर ऑनलाइन शिक्षणाची मोठी शिकवण. या म्हणण्याबद्दल मला आदर आहे, कारण विद्यार्थ्याला मोठा माणूस मानायलाच हवे. पण स्वयंशिस्त ज्याच्याकडे आधीपासून आहे तो कोण आहे, हेही पाहायला हवे. अमेरिकेतल्या एका मोठ्या खासगी विद्यापीठात तोच अभ्यासक्रम, तीच पुस्तके, तीच परीक्षा वर्गात आणि ऑनलाइन अशा दोन्ही रीतींनी चालत असे. बेटिंजर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा ऑनलाइन शिकणाऱ्यांचे गुण चार गुणांच्या श्रेणीवर सरासरी ०.४४ ने कमी निघाले, आणि सर्वांत मोठा फटका आधीच मागे असलेल्यांना बसला होता. हुशार आणि सरावलेला विद्यार्थी कुठेही तरतो. एकटे सोडण्याची किंमत नेहमी दुसराच कोणी मोजतो. आपल्याकडे तर ही दरी घराघरांत आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीत ग्रामीण भागातल्या ४.४ टक्के आणि शहरी भागातल्या २३.४ टक्के घरांत संगणक होता. त्यानंतर स्मार्टफोन घरोघरी पोहोचले हे खरे, पण पाच-सहा इंचांच्या पडद्यावर, दोन भावंडांत वाटून घेतलेल्या फोनवर, टीव्ही चालू असलेल्या खोलीत आकृत्या आणि समीकरणे शिकणे म्हणजे काय, याचा विचार स्वयंशिस्तीची भाषा बोलताना होत नाही. स्वयंशिस्त ही प्रवेशाची अट करण्यापेक्षा ती शिकवावी, आणि शिकवायची तर सुरुवातीला कोणीतरी सोबत लागतेच.

दुसरा सूर जरबेचा आहे. कॅमेरे सक्तीचे करा, व्हिडिओ किती मिनिटे पाहिला ते मोजा, त्यावर उपस्थिती लावा. टाळेबंदीच्या काळात हे सगळे करून झाले आहे. नाव दिसते, चौकट काळी असते आणि माणूस स्वयंपाकघरात. मिनिटे मोजायला लागलो की व्हिडिओ एका टॅबमध्ये आपोआप चालू राहतो. मोजणी जितकी यांत्रिक, तितकी पळवाटही यांत्रिक. यापलीकडे या उपायावर शब्द खर्च करण्याची गरज मला वाटत नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरा जड आहे, आणि तो प्राध्यापकांकडूनच येईल. पदे रिकामी आहेत, घड्याळी तासिकांवरच्या सहकाऱ्यांच्या जिवावर विभाग चालले आहेत, ‘नॅक’ची कागदपत्रे डोक्यावर आहेत, त्यात हा नवा भार कोणी उचलायचा? आज तो उचललाच जातो आहे, पण फुकट. आयोगाच्या नियमांत मार्गदर्शक नेमण्याची तरतूद आहे आणि महाविद्यालये कोणाचे तरी नाव त्या रकान्यात लिहितात. त्या माणसाला त्यासाठी तास मिळत नाही, म्हणून त्याचे मार्गदर्शन ग्रुपवर लिंक पाठवण्यापाशी संपते. हिशेब मांडून पाहू. तीन श्रेयांकांचा विषय वर्गात शिकवायचा तर ४५ तास लागतात. तोच विषय साठ विद्यार्थी ऑनलाइन शिकत असतील, तर तीस-तीसचे दोन गट करून बारा आठवडे प्रत्येकी एक तास दिला तरी २४ तास होतात. व्याख्यानाची तयारी नाही, आणि शिक्षक त्या विषयाचा तज्ज्ञच हवा असेही नाही; जवळच्या विषयाचा, स्वतः ते व्हिडिओ पाहणारा पुरतो. अर्ध्याहून थोड्या जास्त वेळात विषय खरोखर शिकला जाणार असेल तर हा व्यवहार तोट्याचा नाही. मात्र ते २४ तास कार्यभारात धरले पाहिजेत, आणि घड्याळी तासिकेवरच्या शिक्षकाला त्यांचे मानधन मिळाले पाहिजे. ऑनलाइन अभ्यासक्रम म्हणजे शिक्षकाची बचत, असे ज्या संस्थाचालकांना वाटते त्यांना हे रुचणार नाही. पण बचत ४५ वरून २४ वर होते. तास शून्यावर नेले की बुधवारची रात्र हाती येते.

विद्यार्थ्यांना काही सांगायचे झाले तर ते महाविद्यालयाच्या निर्णयाची वाट न पाहताही करता येण्यासारखे आहे. एकाच अभ्यासक्रमाला बसलेले तिघे-चौघे शोधावेत आणि आठवड्याचा एक ठरलेला तास एकत्र बसावे, वाचनालयात किंवा कॅन्टीनच्या कोपऱ्यात. व्हिडिओ ज्याने त्याने आधी पाहून यावा. असाइनमेंटचे उत्तर आधी आपापल्या वहीत लिहावे, चुकीचे का होईना, आणि मगच एकमेकांचे पाहावे. दोन उत्तरे वेगळी आली तर समजावे की तास सत्कारणी लागला. अडलेला प्रश्न चर्चेच्या पानावर चौघांच्या वतीने एकाने विचारावा. अभ्यासक्रमाचे सहायक अध्यापक तिथे उत्तरे देत असतात आणि फार थोडे विद्यार्थी त्याचा लाभ घेतात. आयआयटीच्या प्राध्यापकाने खपून तयार केलेला अभ्यासक्रम आणि परीक्षेसाठी घरच्यांनी दिलेले हजार रुपये एका प्रमाणपत्राहून कितीतरी जास्त काही देऊ शकतात. दोन-तीन आठवडे मागे पडलेल्यांनीही सोडून देऊ नये. बारापैकी उत्तम आठ असाइनमेंट धरल्या जातात, म्हणजे चार चुकल्या तरी रस्ता बंद होत नाही. हा नियम अनेकांना माहीतच नसतो, आणि एक-दोन हुकल्या की ते आपण संपलो असे समजून बाजूला होतात.

‘स्वयम्’ची सत्रे जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. पुढच्या सत्राचे वेळापत्रक अजून विभागप्रमुखांच्या टेबलावरच असेल. त्यात या अभ्यासक्रमासाठी एक चौकोन आखावा, त्यात खोलीचा क्रमांक आणि शिक्षकाचे नाव लिहावे. शक्य तर तो सोमवारी ठेवावा, म्हणजे बुधवारपर्यंत दोन रात्री हातात राहतील. विद्यापीठांच्या विद्वत् परिषदांनी या तासिकेला कार्यभाराची मान्यता देणारा ठराव सत्र सुरू होण्याआधी करावा.